आधी कुणाचं कार्ड

ताई कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात मेणात दात बसवायची. अनोळखी लोकांच्या हिरड्यांचे प्लास्टरचे साचे आठवडाभर तिच्यापुढे मांडलेले असत. सुट्टीच्या दिवशी मात्र ती कार्डांच्या स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभी राही. हे नेहमीचे पत्ते नव्हेत. राक्षस, हरिणी, वणवे, शाप अशी चित्रं असलेली कार्डं, आणि प्रत्येकावर त्याचा गुण बारीक अक्षरांत छापलेला. लोक ती विकत घेतात, अदलाबदल करतात आणि आपापला गठ्ठा जमवून खेळतात.

हा नाद घरात आणला तो धाकट्या भावाने. आई गेली आणि संध्याकाळ खायला उठू लागली, तेव्हा ही दोघं जेवणाच्या टेबलावरच डाव मांडत. धाकटा जिंकण्यासाठी जीव टाकी. ताईला गोडी लागली ती नियमांची. पुढे पुढे कुठेही वाद झाला, की लोक म्हणत, "पंचबाईंना बोलवा."

त्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेत जिंकणाऱ्याला परदेशी खेळणाऱ्या संघात जागा मिळणार होती. धाकट्याने गोदामातली नोकरी साहेबांच्या तोंडावर फेकली आणि रात्रंदिवस सराव केला. तो अंतिम फेरीत पोचला, आणि नेमका त्याच दिवशी दुसरा पंच तापाने फणफणला. ताईने आयोजकांना सांगून पाहिलं, "माझा सख्खा भाऊ खेळतोय. मी नको." ते म्हणाले, "दुसरं आहे कोण? उभ्या राहा."

समोर एक परिचारिका होती. रुग्णालयातून थेट आली होती, डोळे सुजलेले. डाव लांबला, दोघंही टेकीला आली. धाकट्याकडे एक राक्षस उरला होता. तो मेला की समोरच्याचे दोन प्राण घेई. परिचारिकेकडे हरिणी होती. ती मेली की मालकिणीला तीन प्राण देई. आणि परिचारिकेचे दोनच प्राण शिल्लक होते; ते संपले की डाव हरली.

धाकट्याने बराच वेळ डोकं खाजवलं, मग पुटपुटला, "झालं माझं." असं म्हटलं की पाळी समोरच्याकडे जाते. परिचारिकेने नवं कार्ड उचललं. तेवढ्यात त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला असावा, कारण त्याने घाईघाईने वणवा टाकला. वणवा कुणाच्याही पाळीत टाकता येतो आणि पटावरचं सगळं जाळतो. राक्षस आणि हरिणी एकाच वेळी मेले.

दोन गुण एकाच क्षणी जागे झाले, तर ज्याची पाळी त्याचा गुण आधी. पाळी धाकट्याची असेल, तर हरिणीचे तीन प्राण मिळण्याआधीच परिचारिका संपत होती. पाळी तिची असेल, तर तिला तीन प्राण आधी मिळत होते आणि दोन गेले तरी ती तरत होती.

"माझीच पाळी चालू होती," धाकटा म्हणाला.

परिचारिकेने डोळे चोळले. "असेल बाई. मी अर्धी झोपेतच आहे. यांचं आधी धरा, चालेल मला."

धाकट्याने ताईकडे पाहिलं. लहानपणी काही फुटलं की आईसमोर तो असंच बघायचा.

"तू 'झालं' म्हणालास," ती म्हणाली. "मी ऐकलं. पाळी त्यांची. हरिणी आधी."

पुढच्याच खेळीत तो हरला. टाळ्या वाजत असताना त्याने कार्डं गोळा केली, एकही न दुमडता, आणि तो निघून गेला.

घरी तो वडिलांशी बोले, तिच्याशी नाही. ती पोळ्या वाढायला लागली की ताटावर हात आडवा धरी. महिन्याभरात दूरच्या बंदरावर माल चढवण्याचं काम धरून तो गेला. तिकडे परिचारिकेला परदेशी जायला रजा काही मिळाली नाही. धाकटा तोवर खेळ सोडून गेला होता, म्हणून संघातली तिची जागा उपांत्य फेरीत हरलेल्या कुणाला तरी गेली.

हे कानावर आलं, तेव्हा धाकट्याने फोन केला.

"मी म्हणालो होतो 'झालं'," तो म्हणाला. "खोटं नाही बोलत. पण ती सोडून देत होती ना, ताई? मग तुझं काय जात होतं?"

"डाव सोडायचा की नाही ते तिच्या हातात होतं. पाळी बदलणं माझ्या हातात नव्हतं."

"दुसरा पंच असता तर बरं झालं असतं. त्याच्यावर नुसता राग आला असता."

पलीकडे कुठलं तरी यंत्र घरघरत होतं.

ताईने पुन्हा पंच म्हणून पाऊल टाकलं नाही. लोकांनी बोलावून पाहिलं, मग तेही थांबले. कारखान्यातून आली की ती वडिलांचं जेवणखाण बघे आणि आवराआवर करी. धाकट्याचा फोन अधूनमधून येई. तिने उचलला तर तो एवढंच म्हणे, "बाबांना दे."

ती देई, आणि ते बोलत असेपर्यंत दुसऱ्या खोलीत जाऊन बसे.