कार्ड नाही म्हणालं नाही

छापखान्यात त्यांना सगळे खात्रीशेठ म्हणत. गिऱ्हाइकाने फ्लॉपी दिली की ते आधी ती उजेडासमोर धरत. कोपऱ्यातलं भोक उघडं दिसलं, तर तिच्यावर काही लिहिता येत नाही. पुढे फ्लॉप्या गेल्या, पेन ड्राइव्ह आले, मेमरी कार्डं आली. मग ते मशीनलाच विचारू लागले. मशीन म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर, युनिक्सच्या वळणाचा, टाइप केलेल्या हुकमांवर चालणारा. एक ओळ टाइप केली की लिहायला बंदी आहे की नाही ते सांगे. तरीही लिहून झालं की ते डिस्क काढून, पुन्हा लावून, वाचून बघत. घरच्या कुलुपाचंही तेच. अर्ध्या जिन्यावरून परत जाऊन ते ओढून आले की बायको विचारे, "झालं का समाधान?"

उद्या सकाळी तिचं स्वरयंत्र काढणार होते. लेकीला सातवा महिना. येणाऱ्या नातवंडासाठी आजीचा आवाज ठेवायचा, एवढंच आता हातात होतं.

हॉस्पिटलच्या खोलीत त्यांनी जुना लॅपटॉप उघडला, माइक जोडला. त्याची आतली डिस्क केव्हाच गेलेली. ठेवायचं ते सगळं कार्डावर. कार्डाच्या कडेची, लिहिणं अडवणारी खिट्टी पाहिली. मशीनला विचारलं. बंदी नाही.

ती दुपारभर बोलली, बसक्या आवाजात, थांबत थांबत. "बाळा, तुझी आई साबण खायची. आणि आजोबा! लग्नाच्या दिवशी नळ बंद आहे का बघायला घरी गेले. मला वाटलं, पळाले."

त्यांनी लावून ऐकलं. सगळं होतं.

"आता तरी नक्की ना?"

"एकदा काढून बघतो."

काढलं. लावलं. जुने फोटो होते. आजचं काहीच नव्हतं.

मशीनच्या नोंदींत ओळीमागून ओळ: लिहिता आलं नाही. झिजलेलं कार्ड मरताना आतून कडी लावून घेतं, आणि विचारलं तर दार उघडं आहे म्हणतं. मघाशी ऐकलेला तिचा आवाज होता तो फक्त मशीनच्या चालू स्मरणात. कार्ड काढताना तो पुसला गेला. खात्री केली नसती, तर अजून होता.

"काय झालं हो?"

"पुन्हा बोलावं लागेल."

ती हसली; हसण्याचा आवाज आला नाही. मग कुजबुजली, "जन्मभर म्हणालात, तेच तेच बोलते."

ते खाली धावले, नवं कार्ड आणलं. त्यावर एक रिकामी फाइल लिहिली, कार्ड काढलं, लावलं, वाचलं. रेकॉर्डिंग सुरू केलं. "बोल."

तिने पाणी घेतलं. घशातून नुसता वारा आला. दारात सिस्टर उभी राहिली. "आजोबा, आता नका बोलायला लावू त्यांना."

"सिस्टर, एकच शब्द. पाया पडतो तुमच्या."

बायकोने त्यांचं मनगट धरलं आणि ती माइकजवळ वाकली.

त्यांनी कार्ड काढलं, पुन्हा लावलं. फाइल होती. कानाला लावून ऐकलं. पाण्याचा घोट. खोकला. सिस्टरचा आवाज, अगदी स्वच्छ. त्यांची स्वतःची गयावया. आणि शेवटी एक श्वास, ज्यातून शब्द ओळखून काढावे लागत होते: "झालं का समाधान?"