देवीदासचा पाना आणि मनीषाचा पट्टा

देवीदास रामटेकेनं पट्टा चढवला की गाडी दुरुस्तीला परत येत नाही, असं फॅक्टरीत म्हणत. म्हणत म्हणजे काय, जास्त करून तोच म्हणे. लहानपणी बापाचं बोट धरून भंडाऱ्याकडून जबलपुरात आला, चेरीतालच्या दोन खोल्यांत वाढला आणि पुढं सारी उमर पट्ट्यांवर चालणाऱ्या लष्करी गाड्यांखाली काढली. तिथं त्याची एक रीत होती. नट कोणीही आवळो, गाडी हलायच्या आधी देवीदास पाना घेऊन एकदा फिरणारच. एकाच्या हातानंतर दुसऱ्याचा हात लागलाच पाहिजे, हे तो घरी जेवतानाही पोरीला ऐकवी. पोरगी, मनीषा, वरणभात कालवता कालवता नुसती मान हलवी.

हीच मनीषा आता इंजिनिअरिंगला होती आणि कॉलेजच्या रोबो-संघाची कप्तान. संघातली पोरं म्हणाली, चाकं लावू, सोपं पडते. हिनं हट्ट धरला, रणगाड्यासारखे पट्टेच लावायचे. स्पर्धेच्या रिंगणात वाळू होती, लाकडी चढ होता, चाक रुतलं की खेळ खलास. पण हा बापाचा नाद आहे हे पोरांना कळत होतं. पट्ट्यानं दगा दिला तर कप्तानी सोडायची, असं त्यांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं. तेव्हापासून देवीदासच्या जिवाला घोर लागला होता.

स्पर्धेच्या दिवशी पोरं चहाला गेली आणि बघायला आलेल्या देवीदासला टेबलावर रोबो एकटा सापडला. त्यानं रबरी पट्टा बोटानं दाबला. खाटेच्या नव्या दोरीसारखा ताठ! पोरगी चुकली, त्याला वाटलं. वरच्या अंगाला थोडा झोळ नको? लोखंडी पट्टा असा आवळला तर इंजिनाचा जीव जातो. पाना खिशात होताच, पान्याशिवाय हा बाबा लग्नालाही जात नसे. त्यानं दोन्हीकडचे नट सैल केले, मनाजोगता झोळ पाडला आणि खुशीत जाऊन प्रेक्षकांत बसला.

पहिला सामना दुसऱ्याच कॉलेजांचा होता. त्यातला एक रोबो पट्ट्यांवरचा, आणि पट्ट्याला अस्साच झोळ. गर्रकन वळला, पट्टा सुटून बाजूला पडला, आणि रोबो जागच्या जागी गिरक्या घेत राहिला. शेजारी बसलेला एक विद्यार्थी हसून म्हणाला, रबर ढीला छोड़ दिया, घूमते ही उतरेगा ना.

आता कुठं देवीदासला उमगलं. लोखंड आपल्या वजनानं चाकाच्या दातांवर बसून राहते. हे तर सायकलच्या ट्यूबइतकं रबर, याला कोण धरून ठेवणार? अक्कल कुठं गहाण ठेवली होती रे बुढ्या, त्यानं स्वतःलाच विचारलं. समोर मनीषा रोबो रिंगणात ठेवून राहिली होती. तो उठला, लोकांचे पाय तुडवत रिंगणाभोवतीच्या दोरीपर्यंत गेला. तिथल्या पोरानं अडवलं, अंकल, पीछे रहिए. सगळ्यांसमोर काय सांगायचं, की बापानंच घात केला? तरी त्यानं मनीषाला हाक मारली. भोंग्याच्या गलक्यात ती विरून गेली आणि शिट्टी वाजली.

रोबो वाळूत शिरला. चढ आला, चढला. वळण आलं. आता उतरते, आता उतरते. त्यानं डोळेच मिटले.

टाळ्या ऐकून उघडले तर रोबो पलीकडच्या रेषेवर उभा, दोन्ही पट्टे जागेवर.

मनीषा बाहेर आली तेव्हा देवीदास अजून दोरीपाशीच उभा होता. "पट्टा मी सैल केला होता," तो म्हणाला.

"माहीत आहे. चहावरून आल्यावर हात फिरवला, तं झोळ लागला. पुन्हा आवळला."

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलली असती तं ऐकलं असतं काय तुम्ही?" ती थांबली. "सांगायला दोरीपाशी आलात ते पाहिलं मी, म्हणून आता बोलून राहिली. बाबा, पुढच्या वेळी विचारून हात लावा."

एवढ्या नोकरीत साहेबानंही त्याला असं सुनावलं नव्हतं. तोंड कडू झालं, खोटं कशाला सांगा. पण जेवताना ऐकवलेलं पोरीनं सगळं ऐकलं होतं, या विचारानं ऊरही भरून आला. त्यानं नुसती मान हलवली.

पुढच्या सामन्याआधी पोरं पुन्हा चहाला निघाली. मनीषा बापाला म्हणाली, तुम्ही बसा रोबोपाशी. देवीदास बसला, दोन्ही हात मांडीखाली दाबून.