नळ बंद, बॉयलर चालू

आधीच सांगून टाकतो — असले किस्से सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली आहे. आमचं गाव गुहागर तालुक्यातलं. तिकडे कुणाला काही दिसलं, ऐकू आलं, की मी म्हणायचो, आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या. गेली चौदा वर्षं मी बहारीनमध्ये मेंटेनन्स टेक्निशियन आहे... एसी, पंप, गीझर, जे पडेल ते. बिघाड म्हटला की त्याला कारण असणारच, यावरच माझं पोट चालतं. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. मीही हसलो असतो.

जानेवारीतली गोष्ट. बुदैयाकडच्या एका जुन्या व्हिलातून कम्प्लेंट आली. इथे बहुतेक घरांत छतावर पाण्याची टाकी आणि बाथरूममध्ये गीझर, एवढंच असतं. या घरात मात्र गॅसवर चालणारा कॉम्बी बॉयलर होता. मालकाचा मुलगा इंग्लंडला शिकला, तिथे पाहून आला. यंत्र तसं सरळ. ते पाणी साठवून ठेवत नाही. तुम्ही गरम पाण्याचा नळ उघडलात की आतला फ्लो सेन्सर पाणी वाहतंय हे ओळखतो आणि बर्नर पेटतो. नळ बंद केला की विझतो. कम्प्लेंट अशी होती की दुपारी नळ न उघडताच बॉयलर पेटतोय.

घरात एकटे अबू यूसुफ. सत्तरी ओलांडलेले, मनामाच्या जुन्या बाजारात दुकान होतं, त्यामुळे हिंदी बऱ्यापैकी. इकडे आई-बापाला मुलाच्या नावानेच हाक मारतात. त्यांची बायको, उम्म यूसुफ, आदल्या उन्हाळ्यात वारली. मुलगा यूसुफ रिफाला राहायचा. त्या दिवशी तो मुद्दाम आला होता. त्याने मला दारातच बाजूला घेतलं.

"भाई, मशीन चेक करो. मशीन ठीक है, तो मतलब बाबा नल खुला छोड़ता है और भूल जाता है. गैस का मामला है. फिर मैं उसको अपने पास ले जाएगा."

तो वाईट माणूस नव्हता. घाबरला होता. पण म्हातारबाबांचे कान तिखट निघाले. सोफ्यावरूनच म्हणाले, "मैं कुछ नहीं भूलता. ये घर मैं नहीं छोड़ेगा."

मी गेलो होतो सकाळी. सगळे नळ उघडून-बंद करून पाहिले. गळती नाही, एरर कोड नाही, बॉयलर शहाण्यासारखा वागत होता. मग आम्ही सगळेच जे करतो तेच मी केलं. जॉब कार्डवर 'नो फॉल्ट फाउंड' लिहिलं, सही ठोकली आणि पुढच्या कॉलला पळालो. आमच्या धंद्यात बिघाड समोर दिसला नाही की हे तीन शब्द लिहून मोकळं व्हायचं. ते कार्ड पुढे कोण वाचतं याचा विचार कुणी करत नाही. यूसुफने ते वाचलं आणि जपून ठेवलं. मशीन ठीक, म्हणजे बाप चुकतोय.

चार-पाच दिवसांनी अबू यूसुफांचा फोन. "तुम्हारे कागज़ से मेरा घर जा रहा है." आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी त्यांना म्हटलं, बॉयलर कोणकोणत्या वेळी पेटतो ते लिहून ठेवलंय का? त्यांनी लगेच वहीच्या पानांचा फोटो पाठवला. दोन आठवड्यांच्या रोजच्या वेळा, मिनिटासकट. विसरभोळा माणूस अशी वही लिहीत नाही.

वेळा सगळ्या पावणेतीन ते तीनच्या मधल्या, पण हळूहळू पुढे सरकणाऱ्या. मला वाटलं, टायमर गंडलाय. स्टोअरमध्ये अन्वरभाईंना फोटो दाखवला. ते श्रीवर्धनचे, आमचे स्टोअरकीपर.

त्यांनी चष्मा वर केला. "टायमर कसला घेऊन बसलायस? हे असरचे टाइम आहेत."

"कसले?"

"दुपार कलली की जी नमाज होते ना, ती. सूर्याप्रमाणे वेळ रोज थोडी सरकते. मशिदीतला तक्ता काढून ताडून बघ."

ताडून पाहिलं. सगळ्या नोंदी बांगेनंतर पाच-सहा मिनिटांच्या. तरी मी हार मानली नाही. म्हटलं, मशिदीचा लाउडस्पीकर लागला की व्होल्टेज पडत असेल.

मनामातल्या नईम भागात आम्ही चौघे कामगार एका खोलीत राहतो. चौघांच्या शिफ्ट वेगळ्या, त्यामुळे मी जागा असतो तेव्हा बाकीचे झोपलेले, नाहीतर बाहेर. शुक्रवारची सुट्टी अंगावर येते. घरी फोन झाला, कपडे धुतले, की माणसाने करायचं काय? म्हणून त्या शुक्रवारी मी आपणहून बुदैयाला गेलो. खरं सांगायचं तर बिघाड हे निमित्त होतं. कुणाच्या तरी घरात बसून चहा प्यावासा वाटत होता.

चहा झाला. अडीचला मी बॉयलरखालचा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला. आत पाणी यायचा तो एकच रस्ता. किचनचा गरम नळ उघडला, दोन थेंब पडले, मग कोरडा. नळ बंद केला. व्होल्टेजवर मीटर लावून ठेवला. छतावरचा पंप गप्प होता.

बांग झाली. व्होल्टेज जागचं हललं नाही. पाच मिनिटांनी बॉयलरमध्ये टिक-टिक-टिक... आणि ज्योत. डिस्प्लेवर नळाचं चिन्ह. थोडा वेळ चालला, बंद. पुन्हा चालू, बंद. असं तीन-चारदा, मग शेवटी जरा जास्त वेळ.

आता नीट ऐका. पाणी आत कोंडलेलं असताना बर्नर चालू राहिला तर ते मिनिटाच्या आत उकळायला लागतं आणि बॉयलर एरर देऊन बंद पडतो. इथे तापमान बेचाळीस डिग्री. वर जाईना की खाली येईना. म्हणजे पाणी वाहत नव्हतं, पण उष्णता कुठेतरी जात होती. मी पाइपला हात लावत लावत निघालो, ते जिन्याखालच्या छोट्या बेसिनपाशी पोचलो. बेसिन ठणठणीत कोरडं, नळ घट्ट बंद. आणि नळ कोमट.

अबू यूसुफ माझ्या मागे उभे होते. "इधर वो वुज़ू करती थी," ते म्हणाले. नमाजाआधी हात-तोंड-पाय धुतात, ते. "उसके हाथ बहुत दुखते थे, ठंडा पानी सहन नहीं होता था. ये मशीन उसी के लिए लगाया." मग, "इतना टाइम मैं अकेला नहीं होता."

 सांगायला लाज वाटते, पण त्या वेळी मला त्यांचा हेवा वाटला.

त्यांना मी मार्ग सुचवला. सेन्सर खराब असं कार्डवर लिहितो, नवीन बसवतो. यूसुफची खात्री पटेल, घर राहील. त्यांनी एकच विचारलं, "फिर ये बंद हो जाएगा?"

मी छातीठोकपणे म्हटलं, "नहीं बाबा. सेन्सर का दोष ही नहीं है. कुछ फ़र्क नहीं पड़ेगा."

त्यांनी बेसिनच्या नळावर हात ठेवला. मग म्हणाले, "लगाओ."

पुढच्या आठवड्यात एका सकाळी यूसुफच्या समोर सेन्सर बदलला. कार्ड वाचून त्याने बापाच्या कपाळाचं चुंबन घेतलं, माफी मागितली. त्यालाही सुटल्यासारखं वाटलं असावं. मी खूश होऊन निघालो.

त्याच दुपारी अबू यूसुफांचा फोन आला. "बांग हो गई," ते म्हणाले. मी फोन कानाला लावून उभा राहिलो. दहा मिनिटं तरी गेली असतील. "कुछ नहीं हुआ."

शुक्रवारी जाऊन मी जुना सेन्सर परत बसवला. सूर्य बुडेपर्यंत दोघे बॉयलरसमोर खुर्च्या टाकून बसलो. काही नाही. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. उठताना म्हणाले, "यूसुफ को फोन लगाओ. बोलो, मैं आता है." महिनाअखेर ते रिफाला गेले. व्हिला बंद आहे.

तो जुना सेन्सर मी काढण्याआधी मीटर लावून तपासला होता. अगदी उत्तम होता. नवाही उत्तम. अन्वरभाई म्हणतात, डोकं शिणवू नकोस, काही गोष्टी आपल्या कामाच्या नसतात. असेल. पण त्या माणसाचं घर वाचवायला मी गेलो, आणि दिवसातली जी काही मिनिटं त्याला सोबत होती, तीच चार स्क्रू काढून बंद करून आलो. ती कशाने बंद झाली, हे मला आजही सांगता येत नाही.