घरच्याच माणसांची गर्दी

चौथी भाकरी मोडली, वाटीत बुडवली आणि घास तसाच हातात धरून बसलो. पोटात जागा नव्हती... पण उठायची सोय नव्हती. कुणाचं ताट रिकामं दिसलं की दाजी चुलीपासूनच डोळे वटारत होते.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मे महिना, रविवार, बदनापूरचा हमरस्ता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जालन्यातल्या एका होस्टेलच्या मेसमधली आचाऱ्याची नोकरी सोडून त्यांनी इथं हॉटेल टाकलं होतं. पाच आठवडे झाले होते आणि गिऱ्हाईक नव्हतं.

रस्त्यापलीकडे दुसरं हॉटेल होतं. तिथली डाळ पाणचट, भाकरी गार... आणि बसायला जागा नाही. एसटीतून उतरलेला माणूस दोन्हीकडे बघायचा आणि भरलेल्या बाकड्यांकडे जायचा. दाजींच्या आमटीची चव घ्यायची वेळच यायची नाही. रिकामं आहे म्हणजे वाईट असणार, एवढा विचार त्याला पुरायचा.

मेसवाल्यांचा निरोप आला होता. सोमवारी सकाळी कामावर या, नाहीतर दुसरा आचारी बघतो. दाजींनी अजून काही ठरवलं नव्हतं. ताईनं मात्र मोठी पातेली घासून पोत्यात भरायला सुरुवात केली होती.

मग मी शहाणपणा केला. गर्दी बघून गर्दी येते ना... मग एक रविवार गर्दी आपणच करू. आष्टीच्या मावशीला निरोप धाडला. जीप भरून चौदा माणसं आली.

चार लोकांत बसायचं म्हणून मावशीनं जरीची साडी नेसली होती. काकांनी सगळ्यांना कडक टोप्या घालायला लावल्या होत्या. येताना आंब्याच्या पानांचं तोरण आणलं होतं, ते पाटीवरच बांधलं. बायकांना बाकड्यावर अवघडायला होतं म्हणून त्या सतरंजी टाकून खाली बसल्या, एका ओळीत.

मी समाधानानं रस्त्याकडे बघत होतो. हॉटेल गच्च भरलं होतं.

अकराच्या एसटीतून एक जोडपं उतरलं. दारापर्यंत आलं, आत बघितलं... बाईनं डोक्यावर पदर घेतला, माणसानं हात जोडले आणि दोघं समोर गेले. मग तीन पोरं आली. "कुणाचं तरी लगीन हाय रे, चल तिकडं," त्यातला एक म्हणाला. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मावशी तर दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत होती. "या ना, संकोच करू नका, दोन घास खाऊन जा!" माणसं आणखी लाजून पुढं सटकत होती. दाजी करत होते ती येसर आमटी, भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमच्याकडे लग्नाकार्यातच होते. त्या वासावर माणूस आधी मांडव शोधतो... आणि मांडव आम्हीच घालून बसलो होतो. हे मला कळलं तेव्हा एक वाजला होता.

एकच जण आत आला. धोतर, जुना कोट, काखेत तुरीच्या बियाण्याची पिशवी. म्हातारबाबा सतरंजीच्या टोकाला मुकाट्यानं टेकले. मावशीनं त्यांना तीनदा आमटी वाढली, नको नको म्हणत असताना.

हात धुऊन ते दाजींकडे गेले. त्यांच्या मुठीत अकरा रुपये कोंबून म्हणाले, "आहेर समजा. नवरदेव कुठंय?"

दाजींनी मूठ उघडून पैसे बघितले. मग म्हणाले, "बाबा, हे हाटेल हाय."

"मंग हे एवढे लोकं?"

"समदे घरचेच."

बाबा ओशाळले. एकदा पानांआडच्या पाटीकडे बघितलं, एकदा रस्त्यापलीकडे. "आठ वर्षं झाली, बाजाराला आलो की तिथंच जेवतो. चव म्हणून लागत न्हाई. पण एवढे लोकं खाऊन राह्यले म्हटल्यावर... मला वाटलं, माझ्याच तोंडाची चव गेली."

त्यांनी बाकीचे पैसे मोजून दिले. दाजींनी नको म्हटलं तरी दिले. जाताना कोण काय म्हणेल याचा विचार न करता समोरच्या भरलेल्या हॉटेलकडे बघून नाही अशी मान हलवली.

दाजी माझ्यापाशी आले. "प्रोफेसर," मी शिकवतो म्हणून चिडले की ते मला असंच म्हणतात, "तुमची माणसं बिलकुल चांगली हायेत. त्यांना जल्दी जीपमधी बसवा."

मावशी रुसली. "जेवायला बोलावलं अन् उठवून लावलं," हे वाक्य तिनं पुढं कितीतरी वर्षं वापरलं. चार वाजता हॉटेल पुन्हा रिकामं झालं. ताईनं पातेल्यांचं पोतं बाहेर आणून भिंतीला टेकवलं. दाजींनी ते उघडलंही नाही आणि आतही नेलं नाही.

मला राग सगळ्यांचा आला होता. त्या जोडप्याचा, त्या पोरांचा, मावशीच्या आग्रहाचा... सर्वात जास्त स्वतःचा. कारण अनोळखी गावात माझेही पाय गर्दीच्याच हॉटेलकडे वळायचे. आजही वळतात. एवढं होऊनही.

सोमवारी सकाळी पेपर तपासायला जालन्याहून औरंगाबादला निघालो होतो. दहाच्या सुमारास एसटी बदनापूरला थांबली. पाटीवरचं तोरण काढलेलं होतं. भिंतीपाशी पोतं नव्हतं. म्हातारबाबा पुढच्याच बाकड्यावर रस्त्याकडे तोंड करून बसले होते, सोबत त्यांच्या गावचे चौघं होते आणि दाजी आतून ताटं आणत होते. मी उतरलो नाही.