सरांनी निवडलेलं ग्राफिक्स

इंग्रजीच्या मास्तराला दोन इंग्रजी शब्दांनी तोंडघशी पाडल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का? नसेल तर चहा गार व्हायच्या आत ऐका. तो मास्तर मीच. सव्वीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवतोय. गावात कुणाला नोटीस आली, बिल आलं, औषधाच्या डबीवरचा कागद वाचायचा असला की आमचंच घर गाठतात. त्यामुळं इंग्रजीत कुणाचं ऐकून घ्यायची सवयच राहिली नव्हती हो.

झालं असं, की आमच्या आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आप्पा म्हणजे माझे वडील. एकेकाळी शिवाजी पेठेच्या संघातून फुटबॉल खेळलेले, आणि खेळायचं थांबल्यावरही एक सामना न चुकवलेले. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने जिना नको, स्टेडियमच्या पायऱ्या तर नकोतच. मग काय, माणूस गप्प झाला. हातातला पेपर उलटा आहे हेही कळू नये इतका गप्प.

माझी मुलगी मुक्ता पुण्याला नोकरी करते. तिनं फोनवर आयडिया काढली. म्हणाली, आजोबांना कॉम्प्युटरवर फुटबॉल खेळू दे. ऑल-इन-वन घ्या, म्हणजे स्क्रीनच्या मागंच सगळं मशीन. आजोबांच्या काठीत वायरी अडकायला नकोत. आणि मग तिनं एक मेसेज पाठवला, की गेम खेळायचाय, तर ग्राफिक्सचं ऑप्शन विचारा आणि डेडिकेटेडच घ्या. त्यात तिनं डेडिकेटेडचं स्पेलिंग चुकवलं होतं. मी काय केलं असेल? स्पेलिंग दुरुस्त करून मेसेज तिला परत पाठवला. त्या मेसेजकडं मी दिलेलं लक्ष एवढंच.

दुकान माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं, स्नेहलचं. दहावीला इंग्रजीत कशीबशी पास झालेली, पण आता स्वतःचं कॉम्प्युटरचं दुकान टाकलेली. मला बघून उठून उभी राहिली, खुर्ची दिली, चहा मागवला. मग एकाच मॉडेलचे दोन प्रकार दाखवले. एकात ग्राफिक्स इंटिग्रेटेड, दुसऱ्यात डेडिकेटेड कार्ड. दुसरा थोडा महाग. म्हणाली, "सर, गेमसाठी डेडिकेटेड घ्या."

आता तुम्हीच सांगा, माझ्यातला मास्तर गप्प बसेल? मी म्हटलं, "स्नेहल, आधी शब्दांचे अर्थ समजून घेऊ. इंटिग्रेटेड म्हणजे एकजीव, सगळं सामावलेलं. डेडिकेटेड म्हणजे एकाच कामाला वाहिलेलं. घरात सगळ्या कामाला धावणारा माणूस बरा, की एकच काम करून बसणारा?"

ती म्हणाली, "सर, पण ह्यात ते..."

मी बोट वर केलं. वर्गात करतो तसं. "मध्ये बोलू नकोस. आधी वाक्य पुरं होऊ दे." आणि पुढं तिला दोन्ही शब्द वाक्यात वापरूनही दाखवले. ऑल-इन-वन आणि इंटिग्रेटेड हे जवळजवळ समानार्थी, जोडी कशी झकास जमते, हेही सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरं सर." मला वाटलं, पोरीला पटलं, आणि इंटिग्रेटेडवालं मशीन घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दहावी ब च्या वर्गातही हे उदाहरण देऊन आलो, म्हणजे माझा आत्मविश्वास किती होता ते बघा.

रविवारी सकाळी आप्पांचे सगळे जुने दोस्त बोलावले. त्यात वसंतकाका, आप्पांच्या संघाचे गोलकीपर. अजून दारातून आत येताना दोन्ही हात पसरून येतात. भडंगाची परात मध्ये ठेवली, खुर्च्या लावल्या. आप्पांनी कितीतरी दिवसांनी दाढी केली होती. इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि हातात गेम खेळायचा तो बटणांचा कंट्रोलर, प्रसादाचा नारळ धरावा तसा दोन्ही हातांनी धरलेला.

सामना सुरू झाला. काय ते हिरवंगार गवत, काय ती गर्दी. आणि मग आप्पांचा गडी पळायला लागला. म्हणजे एक पाऊल पळाला, थांबला, विचार केला, मग एकदम चार हात पुढं उगवला. बॉल इथं दिसायचा आणि एकदम पलीकडच्या कोपऱ्यात सापडायचा. वसंतकाका माझ्याकडं वळून म्हणाले, "सुन्या, ह्यो गडी पळतोय का नवसाचं दंडवत घालत चाललाय?"

सगळे हसले. मीही हसलो. आप्पा हसले नाहीत. त्यांनी गोलवर मारायचं बटण दाबलं आणि चित्रच गोठलं. पुन्हा हललं तेव्हा समोरचा संघ गोल करून नाचत होता.

असं तीनदा झालं. मग आप्पांनी कंट्रोलर हळूच टेबलावर ठेवला. म्हणाले, "माझीच बोटं चालंनात आता." आणि काठी घेऊन आत जाऊन पडले. मीही शहाणा, मागून जाऊन म्हणालो, सवयीनं जमेल हो आप्पा. म्हणजे दोष त्यांच्याच पदरात नीट बांधून आलो.

दुपारी मुक्ताला फोन लावला. तिनं पहिलंच विचारलं, ग्राफिक्स कुठलं घेतलं? मी अभिमानानं सांगितलं.  मग तिनं समजावलं. इंटिग्रेटेड म्हणजे ग्राफिक्सला स्वतःचं वेगळं कार्ड नाही. मुख्य प्रोसेसरमध्येच थोडी सोय असते आणि मेमरीही उसनी. शेजाऱ्याच्या नळाला पाइप लावून ऊस पिकवायचा, तसं. डेडिकेटेड म्हणजे फक्त चित्राच्या कामाला वाहिलेलं वेगळं कार्ड, आणि गेमला तेच लागतं. "एकाच कामाला वाहिलेलं, बाबा. अर्थ तुम्हाला बरोबर माहीत होता." शेवटी म्हणाली, आता काही करू नका, शनिवारी मी येते.

काही करू नका म्हटल्यावर गप्प बसला तर तो मी कसला? मी ठरवलं, एक कार्ड आणायचं आणि बसवून टाकायचं. स्नेहलकडं जायची लाज वाटली, म्हणून राजारामपुरीतल्या दुसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या दुकानदारानं मशीन कुठलं विचारलं, तर मी ऐटीत म्हटलं, आहे घरी, चांगलं मोठं आहे. त्यानं एक कार्ड दिलं. पत्त्याच्या पानासारखं असेल अशी माझी समजूत. निघालं विटेएवढं, वर दोन पंखे.

घरी आल्यावर कॉम्प्युटर पलंगावर पालथा घातला, खाली उशी दिली आणि कार्ड कुठं जातंय ते शोधायला लागलो. वरून बघितलं, खालून बघितलं. मशीनची पाठ कार्डापेक्षा सडपातळ. बायको दारात येऊन म्हणाली, "त्याला ताप आलाय का?" मी उशी जरा सरकवून पुन्हा शोधायला लागलो.

शेवटी दोन्ही रिक्षात घालून स्नेहलकडंच गेलो. तिनं मशीन बघितलं, कार्ड बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "सर, हे ह्यात बसत नाही. ऑल-इन-वनला ग्राफिक्स घेतानाच निवडायचं असतं. नंतर वेगळं कार्ड घालायला आत जागाच नसते."

मी म्हटलं, "मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"बोलत होते की सर. तुम्ही बोट वर केलंत."

पोरगी मनानं मोठी. वापरलेलं मशीन बदलून देता येत नाही म्हणाली, पण ते कार्ड एका गिऱ्हाइकाच्या मोठ्या कॉम्प्युटरला चालेल म्हणून ठेवून घेतलं. वर चहाही पाजला. तो मी मान खाली घालून प्यालो.

शनिवारी मुक्ता आली. तासभर सेटिंगमध्ये बसली. गवत कमी केलं, सावल्या काढल्या, चित्राचा बारकावा उतरवला. प्रेक्षक आता पुठ्ठ्याचे कापून उभे केल्यासारखे दिसत होते, पण गडी मात्र पळायला लागले. सलग, न अडखळता. हे आधीच करता आलं असतं का? आलं असतं. पण आधी मला विटेएवढं कार्ड आणायचं होतं ना.

मी आप्पांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. तुमची बोटं बरोबर होती, मशीन मी चुकीचं आणलं, मुक्तानं सांगून, स्नेहलनं सांगून मी ऐकलं नाही. आप्पांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. उठून बाहेर आले, स्क्रीनसमोर बसले. पुठ्ठ्याच्या प्रेक्षकांबद्दल मुक्तानं विचारलं तर म्हणाले, मी काय प्रेक्षक बघायला बसलोय का. आणि दुसरा कंट्रोलर माझ्यापुढं सरकवला.

पहिल्या पाच मिनिटांत दोन गोल. मध्यंतरापर्यंत चार. आप्पांचा गडी माझ्या तीन गड्यांच्या मधून, सुईत दोरा ओवावा तसा निघून जायचा. त्यांचा गुडघाही त्या तालात हलत होता. आत स्वयंपाकघरातून बायको आणि मुक्ताच्या हसण्याचा आवाज येत होता. पाचवा गोल बसल्यावर मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "आप्पा, मशीन अजून जरा अडकतंय वाटतं."

आप्पांनी स्क्रीनवरची नजरसुद्धा काढली नाही.

"मशीन कवाच नीट झालंय," ते म्हणाले. "आता अडकतोयस तो तू हाईस."