कॉफीचा नवस आणि गाडीचं कुंकू

देवाला मी आजवर पुष्कळ काही बोलले आहे. भाचीची बाळंतपणातून सुटका नीट होऊ दे, तिरुक्करुगावूरच्या देवीला तूप वाहीन, असं बोलले, वाहिलं. पाऊस आवरू दे, मारुतीला वड्यांची माळ घालीन, म्हटलं, घातली. माझे नवस असे सोपे असतात. देवालाही जड नाहीत, मलाही नाहीत.

एकच जड गेला. ह्यांची मोटारसायकल वर्कशॉपने बिघडवली, तेव्हा देवघरात उभी राहून मी म्हटलं, "विठोबा, ही गाडी धड होऊन, हे तिच्यावरून सुखरूप घरी येईपर्यंत मी कॉफी घेणार नाही."

आणि हे कुठे बोलले? तर कुंभकोणम्‌मध्ये! सकाळी आमच्या गल्लीतून चाललं तर दर दारातून कॉफीच्या डिकॉक्शनचा वास येतो. डोळे मिटूनसुद्धा सांगता येतं की आता कुणाचं घर आलं.

मला वाटलं होतं, संध्याकाळपर्यंतचा तर प्रश्न आहे!

तो प्रश्न काही संध्याकाळी सुटला नाही. मग रोज काहीतरी घडायचं, आणि मी ते शुक्रवारच्या भजनाला सांगायची. पुढे पुढे बायका आरती संपायचीही वाट बघेनात. "मामी, गाडीचं काय?" हे किस्से देवघरातल्या निर्माल्यासारखे साठत गेले. टाकवत नाहीत, आणि ठेवायला जागा नाही. म्हणून इथे सांगते.

* * *

हे चोळपुरम्‌च्या शाळेत गणित शिकवतात. रोज मोटारसायकलने जातात. गाडी चांगली चालत होती. सर्व्हिसिंगची वेळ झाली म्हणून कंपनीच्या वर्कशॉपला दिली. तिथे त्यांनी इंजिनातलं ऑइल बदललं, आणि खालचा बोल्ट धड आवळलाच नाही!

दुसऱ्या दिवशी ऑइल गळून मागच्या चाकावर. कावेरीचा पूल उतरताना गाडी घसरली. ह्यांचा गुडघा फुटला. बॅटरीला तडा गेला. इंजिनाच्या सिलिंडरला बाहेरून ज्या पात्या असतात, त्यांतली एक मोडली. आणि इंजिन कोरडं पडून जाम झालं. मागून बस येत नव्हती, ही देवाची कृपा.

वर्कशॉपमधला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर शरवणन. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला चंदन, तोंडात सदा "नो प्रॉब्लेम." आम्हा मराठी मंडळींना इकडे रायर म्हणतात. तो ह्यांना म्हणाला, "रायर सार, ऑइल नसताना तुम्ही गाडी चालवलीत. इंजिन जाम होणारच!"

हे म्हणाले, "ऑइल होतं की! माझ्या मागे मागे येत होतं, रस्त्यावरून."

"मग रस्ता खराब, सार. धक्क्याने बोल्ट सैल झाला असेल."

"हा बोल्ट इतकी वर्षं माझ्याबरोबर ह्याच रस्त्याने शाळेत येतोय. तुमच्याकडे एक दिवस राहून आला, आणि सैल झाला?"

शरवणन म्हणाला, "नो प्रॉब्लेम, सार."

त्या दिवसापासून हे दोन शब्द ऐकले की मला धडकी भरते.

* * *

इंजिन ते दुरुस्त करून देणार असं ठरलं. मी ह्यांच्याबरोबर चौकशीला गेले. वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकांसाठी काचेची थंडगार खोली आहे. तक्रार घेऊन कुणी आलं की आधी हातात कॉफी देतात. माणूस तोंड भाजू नये म्हणून गप्प बसतो. मोठी हुशारीची पद्धत!

मला कॉफी आणली. मी म्हटलं, "नको."

"चहा?"

"नको." चहा मी पीतच नाही.

"बिस्किट तरी, मामी?"

दुपारच्या वेळी मला बिस्किट चालत नाही. तेही नको म्हटलं. "गाडी नीट होईपर्यंत मी कॉफी सोडली आहे," इतकंच सांगितलं, आणि पर्समधली जपमाळ काढून बसले.

शरवणनचा चेहरा पडला. तो आत पळाला. काचेतून मला दिसत होतं, सगळे माझ्याकडे बोट दाखवून बोलत होते. मग मॅनेजर स्वतः बाहेर आले, हात जोडून. "अम्मा, उपोषण करू नका. आणि कृपा करून, शाप तर देऊच नका!"

मी म्हटलं, "मला शाप येत नाही हो. मला फक्त नवस येतो."

ते म्हणाले, "त्याचीच भीती वाटते."

* * *

काही दिवसांनी गाडी आली. "इंजिन ओके. बॅटरी एकदम नवी टाकली, मामी," शरवणनने स्वतः फोन करून सांगितलं.

आता आमच्या घरची रीत सांगते. नवरात्रात आयुधपूजेला लोक गाडीच्या हँडलला आणि चाकांना हळदकुंकू लावतात. माझं तेवढ्यावर भागत नाही. मी बाजूचं झाकण उघडून आतल्या बॅटरीलाही लावते. हे हसतात. "उद्या पेट्रोलच्या टाकीत उतरशील," म्हणतात. पण जी वस्तू दिसत नाही ती काम करत नाही का? तिलाही दोन बोटं हळदकुंकू मिळायला हवं.

तर नवी बॅटरी आली म्हणून शुक्रवारी कुंकवाचा करंडा घेऊन मी गाडीशी बसले. झाकण उघडलं. आत नवी बॅटरी होती, आणि तिला माझंच आयुधपूजेचं हळदकुंकू लावलेलं होतं! शेजारी तडासुद्धा होता, डांबरासारखं काहीतरी थापून बुजवलेला.

मी मुळात संशयी बाई नाही. माणसं चांगली असतात, चुका होतात, असं मानणारी आहे. फोन करून गोड आवाजात विचारलं, "शरवणन, नव्या बॅटरीला जुनं कुंकू कसं रे?"

तो म्हणाला, "मामी, देवाचा विषय! जुन्या बॅटरीवरचं पुसायला हात धजेना. म्हणून आम्ही ते तसंच्या तसं नव्या बॅटरीवर घेतलं."

"आणि तडा?"

"तडा? लाइन कट होतेय, मामी."

"तोही देवाचाच विषय का?"

बॅटरी दुसऱ्या दिवशी बदलली.

* * *

ही गोष्ट भजनात सांगितली मात्र, सगळ्या बायकांनी कुंकवाचे करंडे बाहेर काढले! मिक्सर दुरुस्तीला निघाला, लाव कुंकू. पंखा निघाला, लाव कुंकू.

आमच्या शेजारच्या सुलोचना अक्कांनी तर कमाल केली. त्यांच्या यजमानांची दातांची कवळी सैल झाली म्हणून दुरुस्तीला गेली होती. अक्कांनी गुपचूप तिला आतून कुंकवाची टिकली लावून दिली. कवळी परत आली. यजमानांनी ती घातली, जेवले, झोपताना काढून ठेवली. अक्कांनी पाहिलं तर कुंकू नाही!

"बदलली!" अक्का ओरडल्या. "दुसऱ्या कुणाचे तरी दात दिलेत आपल्याला!"

यजमान बोळक्या तोंडाने म्हणाले, "अगं, बदलली नाही. मी धुतली. ती तोंडात घालायची असते!"

* * *

संशय एकदा घरात शिरला की कुणालाच सोडत नाही.

मी कॉफी सोडली तेव्हा हे म्हणाले होते, "तू घेत नाहीस, तर मला तरी कशी जाईल? मीही सोडतो." माझे डोळे भरून आले होते. आत्याबाईंनी जुळवलेलं लग्न, पण माणूस सोन्यासारखा मिळाला, असं वाटलं होतं.

गाडी वर्कशॉपला असली की हे बसने शाळेत जात. एका रविवारी चोळपुरम्‌ला लग्न होतं, म्हणून मीही बरोबर गेले. बसमधून उतरतोय तोच समोरच्या टपरीवाल्याने हाक मारली, "सार! नेहमीची? स्ट्राँग, साखर कमी?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आकाशाकडे पाहत होते.

"मी शाळेतला माणूस ना," हे म्हणाले. "सगळे ओळखतात."

मी म्हटलं, "ओळखू देत हो. पण साखर कमी, हे त्याला कुठल्या वर्गात शिकवलंत?"

* * *

बॅटरी नवी आली, पण इंजिनातला आवाज काही जाईना. सुपारी अडकित्त्यात धरल्यासारखा कटकट. शरवणन म्हणायचा, "आवाज नाही, मामी, तो पिकअप आहे." इंजिनाच्या आत आपल्याला थोडंच दिसतं? ह्यांनी त्या गाडीवरून पुलावर जायचं, आणि मी घरी बसून घड्याळ बघायचं, हे मला नको होतं. आम्ही गाडी परत वर्कशॉपला नेली.

मी म्हटलं, "शरवणन, तू स्वतः हिच्यावर बस. पुलापर्यंत जाऊन ये. तू नीट आलास की आम्ही घेऊन जातो."

त्याने घड्याळ पाहिलं. "मामी, आत्ता राहुकाळ चालू आहे."

मला आनंद झाला. मुलगा धार्मिक आहे! मी म्हटलं, "बरं, संपू दे. मी थांबते." आणि जपमाळ काढली.

राहुकाळ संपला. मग यमगंडम् निघालं, तोही अशुभ काळच. मी पुन्हा थांबले. ते संपल्यावर तो म्हणाला, "मामी, आज अष्टमी ना?"

"दशमी आहे रे. माझा उद्या उपास आहे, मला माहीत नसणार का?"

शेवटी बसला. गेला. आम्ही वर्कशॉपच्या फाटकाशी उभे. बराच वेळ गेला. तेवढ्यात एक ऑटोरिक्षा येऊन थांबली, आणि तिच्यातून शरवणन उतरला. शर्टाची इस्त्री गेलेली, चंदन घामाने ओघळलेलं.

"गाडी?" ह्यांनी विचारलं.

"मागून येते आहे, सार."

मी म्हटलं, "नो प्रॉब्लेम!"

* * *

आता शेवटचं सांगते. हे सांगितलं की भजनात अजून वाद होतात.

गाडी पुलावर बंद पडल्यावर मॅनेजरांनी स्वतः शब्द दिला: जुना सिलिंडर काढून टाकतो, पूर्ण नवा बसवतो. मी मान डोलावली. पण गाडी आत न्यायच्या आधी, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, सिलिंडरच्या मागच्या अंगाला, सीटखाली जिथे वाकल्याशिवाय काही दिसत नाही, तिथे हळद लावली आणि तिच्यावर कुंकू लावलं. आमच्या पद्धतीने, अनामिकेने, उभं. विठोबाला म्हटलं, "पुढचं तू बघ."

गाडी घरी आली तेव्हा गल्ली गोळा झाली. शरवणनने टेम्पोतून स्वतः आणून दारात उभी केली, किल्ली ह्यांच्या हातात दिली, आणि पहिल्यांदाच "नो प्रॉब्लेम" न म्हणता निघून गेला. तेही मला खटकलं.

आत फिल्टरमध्ये डिकॉक्शन थेंब थेंब उतरत होतं. अक्कांनी दूध तापवलं होतं, कॉफीचे डवरा-टंबलर घासून ठेवले होते. मी दाराच्या पायरीवर बसले, टॉर्च घेतला, वाकले.

मागच्या अंगाला कुंकू होतं!

"आहे?" अक्कांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

"म्हणजे पुन्हा जुनाच!" अक्कांनी आत जाऊन गॅस बंद केला. यजमानांनी कवळी काढून खिशात ठेवली, भांडायची तयारी म्हणून. सकाळी ह्यांना ह्याच गाडीने पुलावरून जायचं होतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कॉफीसाठी नाही. इतक्या दिवसांत एक तरी माणूस खरं बोलेल असं वाटलं होतं, म्हणून. डोळे पुसले, आणि पुन्हा नीट वाकून पाहिलं.

सिलिंडर चकचकीत होता. पात्या सगळ्या जागच्या जागी. मोडलेली एकही नव्हती. बोट फिरवून पाहिलं तर ऑइलचा टिपूसही लागला नाही. सिलिंडर नवा होता, कोराकरकरीत!

मग कुंकू कुणाचं?

मी टॉर्च जवळ नेला. माझं उभं असतं; हे गोल होतं. माझ्या कुंकवाखाली हळद असते; ह्याच्याखाली चंदन होतं, अजून ओलसर. आणि पात्यांच्या मध्ये, वारा लागून पडू नये अशा बेताने, मोगऱ्याची एक कळी खोवलेली.

मी शरवणनला फोन लावला. तो म्हणाला, "कुंकू? मामी, वर्कशॉपमध्ये कुंकू कुठून येणार? आमच्यातल्या कुणी नाही लावलं!"

मग मी स्वतः तिथे गेले. कपाळावर चंदन कोण लावतं, ते बघायला. मेकॅनिक, मॅनेजर, गाड्या धुणारा, फाटकावरचा वॉचमन. सगळेच लावतात! सगळे माझ्याकडे बघत होते, आणि एकही जण हसला नाही.

अक्का म्हणतात, आपल्याला गंडवायला लावलं. हे म्हणतात, गंडवायचं असतं तर जुनाच ठेवून तुझं कुंकू पुसलं असतं. मी सकाळी ह्यांच्यामागे गाडीवर बसले. डोळे मिटून कावेरीचा पूल ओलांडला, डोळे उघडे ठेवून परत ओलांडला. दारात उतरले, गाडीला नमस्कार केला, आणि मग कॉफी घेतली. स्ट्राँग, साखर कमी.

तेव्हा माझं एवढं ऐका. तुमची गाडी वर्कशॉपला निघाली की आतून, न दिसेल अशा जागी, तुमच्या हाताने कुंकू लावून द्या. आणि परत आली की वाकून बघा. तुमचं असलं तर भांडा. तुमचं नसलं, तर पुसू नका.