तिचे उत्तर

जुन्या लॉग टेबलच्या पिवळ्या पानांचा वास आला की इंदूरची मिल बंद पडली ते वर्ष आठवते. अकरावीला मी लिमिट शिकवत होतो. कोन शून्याकडे जाताना साइन भागिले कोन ही किंमत एककडे जाते, असे फळ्यावर लिहिताच एका मिल कामगाराची मुलगी उभी राहिली. "सरजी, मी टेबलमधून बघून भाग दिला. एक डिग्री घ्या की अर्धी डिग्री, एक येतच नाही. पॉइंट झीरो वन सेव्हन येतं." वर्ग हसला. "मग पुस्तक तूच लिही," मी म्हणालो. त्याच आठवड्यात तिचे वडील सायकल धरून शाळेच्या फाटकाशी आले. "मिलचं तर तुम्हाला मालूमच आहे, सरजी. साफ सांगा, पोरीला गणित जमेल का? नाही तर सिलाईला टाकतो." मी पूर्ण जबाबदारीने सांगितले, "पाया कच्चा आहे." सोमवारी हजेरीपटावरून तिचे नाव कमी झाले. पुढच्या धड्याची तयारी करताना ध्यानात आले की ते सूत्र कोन रेडियनमध्ये मोजला तरच खरे असते. अंशांत मोजल्यास तिचेच उत्तर बरोबर. रेडियनविषयी मी वर्गात बोललोच नव्हतो. तिचे घर शाळेपासून दहा मिनिटांवर होते, पण चूक कबूल करणाऱ्या शिक्षकाचा धाक राहत नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती. मी गेलो नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत दरवर्षी मी लिमिटच्या आधी रेडियन शिकवले, आणि पायापासून शिकवणारा मास्तर म्हणून माझे नाव झाले.